कॅसेटवरचा ड्रॅक्युला आणि डिस्कवरचा ड्रॅक्युला: आपल्याला नेमके काय आवडते?

वेंगुर्लेकर (प्रश्न):
नमस्कार. मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या घराचा माळा साफ करताना वडिलांनी फार पूर्वी मुंबईहून आणलेल्या सहा व्हिडिओ कॅसेट सापडल्या. त्यांपैकी दोन हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या चित्रपटांच्या आहेत: १९५८ चा ‘ड्रॅक्युला’ आणि १९६६ चा ‘ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस’. आमच्या लहानपणी गणपतीत भाड्याचा व्हीसीआर येत असे, ओटीवर टीव्ही मांडला जाई, आणि आरत्या, जेवणे उरकल्यावर मुंग्या आलेल्या पडद्यावर आम्ही हे चित्रपट पाहत असू. वाडीतल्या निम्म्या लोकांना इंग्रजी येत नव्हते. पण १९६६ च्या चित्रपटात क्रिस्टोफर ली या नटाचा ड्रॅक्युला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाही, त्यामुळे कोणाचे काही अडले नाही.

अलीकडे मी १९५८ च्या चित्रपटाची दुरुस्त केलेल्या प्रतीवरून काढलेली ब्ल्यू-रे डिस्क मिळवली. चित्र इतके स्वच्छ की वाड्याच्या खांबांवरचा रंग नुकताच वाळला असावा असे वाटले. मला अजिबात भीती वाटली नाही. तरीही दुसऱ्या रात्री मी तोच चित्रपट पुन्हा पाहिला. भीती जर कॅसेटच्या धुरकटपणातून येत होती, तर मी दुसऱ्यांदा काय पाहत होतो? जुने रक्तपिपासूंचे चित्रपट आवर्जून घरी जमवणाऱ्यांना त्यांत काय सापडते, हे जाणून घ्यायला आवडेल.

रिळवाला:
आपण ओटीवर पाहिलेला चित्रपट आणि १९५८ साली पडद्यावर दिसलेला चित्रपट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, असे मी म्हणेन. व्हीएचएस कॅसेटमध्ये आडव्या दिशेने साधारण २४० रेषांइतकाच तपशील मावतो. आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या वेगाने चालतो, म्हणून ८२ मिनिटांचा ‘ड्रॅक्युला’ ७९ मिनिटांच्या आत संपतो आणि संगीताची पट्टीही किंचित चढते. संगीतकार जेम्स बर्नार्ड यांनी या चित्रपटाची मुख्य धून ‘ड्रॅ-क्यु-ला’ या तीन अक्षरांच्या उच्चारावर बेतली होती. आपल्या कानांत बसलेली ती हाक मूळ सुरापेक्षा थोडी वरची आहे.

रंगाचे तर विचारूच नका. कॅसेटवर सर्वांत वाईट पसरतो तो लाल रंग, आणि हॅमरचे सारे नावीन्यच लाल रंगात होते. १९३१ मध्ये बेला लुगोसी हा नट ड्रॅक्युला म्हणून कृष्णधवल पडद्यावर आला, तेव्हा रक्त जवळजवळ दाखवलेच गेले नव्हते, आणि शीर्षकांनंतर पार्श्वसंगीतही जवळपास नाही; त्या चित्रपटाची भीती शांततेत आहे. याच्या उलट छायालेखक जॅक अ‍ॅशर यांनी रंगीत दिव्यांनी भिंती जांभळ्या-हिरव्या केल्या आणि त्यावर ते रक्त टपटपले. आपण मुलांनी बहुधा फक्त एक लालसर डाग पाहिला.

त्याहून मोठा घोटाळा दिग्दर्शक मुर्नाऊ यांच्या १९२२ च्या ‘नोस्फेरातू’चा आहे. त्या मूकपटातली रात्रीची दृश्ये उन्हात चित्रित करून प्रतींवर निळा रंग चढवला होता. स्वस्त कॅसेटवर रंगाविना प्रत आली की त्यातला रक्तपिपासू काउंट ओरलॉक भर दुपारी शवपेटी काखोटीला मारून फिरताना दिसतो, आणि ज्या चित्रपटात तो सूर्यप्रकाशाने नष्ट होतो त्या चित्रपटाचा कणाच मोडतो. (ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या १८९७ च्या मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरू शकतो, उन्हाने मरण्याची कल्पना या चित्रपटाची.) स्टोकरच्या विधवेने परवानगीवाचून कथा वापरल्याबद्दल खटला भरला आणि १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला, तरी काही प्रती वाचल्या. न्यायालयाने जाळायला सांगितलेला चित्रपट आज आपण घरी बसून थांबवून थांबवून पाहतो, यात मला सर्वांत जास्त गंमत वाटते.

आपल्या डिस्कवर एक गोष्ट बहुधा आपण पहिल्यांदाच पाहिली असेल. शेवटी नायकाच्या भूमिकेतले पीटर कुशिंग पडदे ओढून ऊन आत घेतात आणि ड्रॅक्युलाची राख होते. त्या प्रसंगाचा इंग्लंडमध्ये कापलेला भाग जपानी प्रतीच्या उरलेल्या रिळांत सापडला. ती रिळे टोकियोच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात २०११ मध्ये हाती लागली आणि २०१३ च्या ब्ल्यू-रेवर तो भाग परत आला. मात्र त्या डिस्कच्या निळसर छटेवरून चाहत्यांत बराच वाद झाला, आणि माझेही मत त्या छटेच्या विरोधात आहे.

पडवी:
रिळवाले म्हणतात ते तंत्राच्या दृष्टीने बरोबर आहे, पण प्रश्नाचे उत्तर मला त्यात सापडले नाही. माझे घर मालवणच्या बाजूला आहे, म्हणून आमच्या भुतांपासून सुरुवात करते. देवचार सीमेवर राहतो आणि गावाची राखण करतो. मुंज्या पिंपळावर बसतो. आरवलीच्या वेतोबाला तर आपण केळीचे घड आणि भल्या मोठ्या वहाणा अर्पण करतो, कारण तो रात्री गावभर फिरतो. ही सारी मंडळी उघड्यावरची आहेत. घरात शिरून कडी लावली की माणूस निदान अर्धा सुरक्षित असतो.

ड्रॅक्युलाचे उलट आहे. तो घरमालक आहे. १९५८ च्या चित्रपटात तो जिन्याच्या वर काळ्या आकृतीसारखा उभा राहतो, आपण श्वास रोखतो, आणि मग तो झपाझप खाली उतरून एखाद्या सभ्य गृहस्थासारखा पाहुण्याचे स्वागत करतो. १९६६ च्या चित्रपटात तर मालक मेलेला आहे. तरी चार प्रवासी निर्मनुष्य वाड्यात शिरतात तेव्हा चौघांसाठी जेवणाचे मेज मांडलेले असते आणि सामान खोल्यांत पोहोचलेले असते. धनी निपुत्रिक गेले, पण पाहुण्यांसाठी घर सदैव तयार ठेवायचे असे सांगून गेले आहेत, असे नोकर सांगतो. हा प्रसंग मला रक्तापेक्षा कितीतरी भयंकर वाटतो, कारण तो मी ओळखते. आमच्या वाडीत अकरा घरांपैकी सात बंद आहेत. चाकरमानी गणपतीत येतात, बाकी वर्षभर एक गडी अंगण झाडतो, तुळशीपुढे दिवा लावतो आणि माजघराचे दार उघडून हवा खेळवतो. कोणी येणार नाही हे त्यालाही ठाऊक आहे.

म्हणून वेंगुर्लेकरांनी दुसऱ्या रात्री काय पाहिले असावे, तर ते घर. डिस्कमुळे खांबांचा रंग दिसला ही तक्रार मी मान्य करणार नाही. इंग्लंडमध्ये ब्रे येथे टेम्सच्या काठच्या एका घराचाच हॅमरने स्टुडिओ केला होता, तिथे कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन यांनी थोड्या पैशांत तेच तेच देखावे फिरवून-रंगवून वापरले, आणि ते रंगवलेपण पुसट चित्रात हरवते. दशावतारात राक्षसाच्या तोंडावरचा रंग पहिल्या रांगेतल्या पोराला स्पष्ट दिसतो, तो नट सकाळी आपल्याच शेतात काम करताना भेटतो, तरी रात्री तो गरजला की पोर आईला बिलगते. रंग दिसल्याने भीती जाते, हे मला पटत नाही. वय वाढल्याने जाते.

खारावारा:
एक व्यवहाराची सूचना. त्या कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. कोकणच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेला पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशीच समजा. अशी फीत चालवली की बुरशी व्हीसीआरच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागते आणि पुढची चांगली कॅसेटही बिघडते. सध्या त्या कॅसेट सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात उभ्या ठेवा, आणि पावसाळा संपल्यावर जाणकाराकडून साफ करून डिजिटल प्रत काढून घ्या.

दुसरे म्हणजे परदेशी डिस्क मागवताना तिचा विभाग, म्हणजे ती कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालते, ते तपासा. ब्ल्यू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात येतो, ब्रिटन ‘बी’ मध्ये. डीव्हीडीसाठी आपण ५, ते २. एका दुकानदाराने मला ‘सगळीकडे चालते’ असे सांगून विकलेली डिस्क आजही तशीच पडून आहे.

वेंगुर्लेकर:
सर्वांचे आभार. पडवीताईंचा मुद्दा वाचल्यावर १९६६ च्या चित्रपटातला मेजाचा प्रसंग मला लख्ख आठवला, आणि त्या वेळी आमची आजी पडद्याकडे पाहून काय म्हणाली होती तेही आठवले: “एवढा वाढून ठेवलानी, जेवतलो कोण?” आम्ही सगळे हसलो होतो.

१९६६ च्या कॅसेटच्या खिडकीत पांढरी जाळी आहे, १९५८ ची स्वच्छ दिसते. दोन्ही डब्यात ठेवल्या आहेत. गणपतीला घर उघडेन तेव्हा डिस्क आणि प्लेअर सोबत नेणार आहे. टीव्ही ओटीवरच मांडेन.