संज्ञापनाचे सिद्धांत आणि कौशल्यांचा पेपर: दोन्हींचा अभ्यास एकत्र कसा करायचा?

सायली_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. बी.कॉम.नंतर यंदा पुण्यात संज्ञापन (कम्युनिकेशन) विषयात एम.ए.ला प्रवेश घेतला आहे. पहिल्या सत्रात एक पेपर सिद्धांतांचा आणि एक कौशल्यांचा आहे. सिद्धांतांत लासवेल, शॅनन-वीव्हर, श्रॅम, बर्लो, गर्बनर अशा अभ्यासकांची सलग प्रारूपं, म्हणजे संवाद कसा होतो ते दाखवणारी मॉडेल्स, येतात. आकृत्या पाठ होतात, पण चार दिवसांनी कुठली चौकट कुणाची याचा गोंधळ होतो. कौशल्यांच्या पेपरात पाच मिनिटांचं मराठी सादरीकरण आणि एक लघुप्रकल्प आहे. प्रकल्प दोन महिन्यांत, फारसा खर्च न करता, पुण्यातच करायचा आहे. वर्तमानपत्रांवर काही करावं असं डोक्यात आहे.

प्रारूपं पक्की कशी करायची, सादरीकरणाची तयारी नेमकी कशी करायची आणि प्रकल्पात मार्क कुठे जातात, हे जाणकारांनी सांगावं. उत्तरं मराठीतूनच लिहायची आहेत.

गणेशखिंड

सायली, आकृत्या पाठ करणं आधी थांबवा. प्रत्येक प्रारूप म्हणजे कुणाला तरी पडलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो प्रश्न लक्षात राहिला की आकृती काढता येते.

लासवेल राज्यशास्त्राचा अभ्यासक, पहिल्या महायुद्धातल्या प्रचारावर काम केलेला. त्यामुळे त्याचं १९४८चं सूत्र 'कोण, काय, कोणत्या मार्गाने, कुणाला' असं जात जात 'कोणत्या परिणामासह' इथे येऊन थांबतं. शॅननचा लेखही १९४८चाच, पण तो बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला. त्याला तारेवरून संकेत कमीत कमी चुकांसह पोचवायचा होता. म्हणून त्याच्याकडे स्रोत, प्रेषक यंत्र, वाहिनी, ग्राहक यंत्र, गंतव्य आणि वाहिनीत घुसणारा गोंगाट एवढंच आहे. संदेशाचा अर्थ काय, हा प्रश्न त्याने स्वतःच बाजूला ठेवला होता. 'शॅननच्या प्रारूपात प्रतिसाद नाही' एवढं लिहून बहुतेक जण थांबतात. अर्थाचा मुद्दा लिहिला की तपासणाऱ्याला कळतं की विषय समजला आहे. आणि त्याच्या आकृतीत स्वतःहून प्रतिसादाचा बाण काढू नका. ती कल्पना सायबरनेटिक्समधून, म्हणजे यंत्रांच्या आणि सजीवांच्या नियंत्रणाचा अभ्यास करणाऱ्या गणितज्ञ वीनरकडून आली. या एका बाणापायी दरवर्षी कितीतरी उत्तरपत्रिकांतले मार्क जातात.

श्रॅमने १९५४मध्ये अनुभवक्षेत्रं आणली: दोघांची वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तेवढाच संवाद होतो. बर्लोने १९६०मध्ये प्रत्येक घटकाखाली यादी दिली. प्रेषकाखाली आणि ग्राहकाखाली तेच पाच मुद्दे आहेत: कौशल्य, दृष्टिकोन, ज्ञान, समाजव्यवस्था, संस्कृती. त्याच्या 'वाहिनी'खाली पाच ज्ञानेंद्रियं येतात. तिथे रेडिओ, वर्तमानपत्र असं लिहिलं की उत्तर चुकलं. गर्बनरकडे (१९५६) मूळ घटना आणि ती पाहणारा वेगळे आहेत, म्हणून घटनेतलं काय निवडलं आणि काय सुटलं हा प्रश्न फक्त तिथे नीट मांडता येतो.

आता सराव. एकच साधा नमुना घ्या आणि सगळी प्रारूपं त्याच्यावरच चालवा. पुण्यात सोपा नमुना म्हणजे 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने' ही सूचना. लासवेल लावला की 'कुणाला'च्या रकान्यात पेठांपासून सिंहगड रस्त्यापर्यंत लांबलचक यादी येते आणि वाचणारा आपल्या गल्लीचं नाव शोधत बसतो. शॅनन लावला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरता फिरता कडा कापला गेलेला फोटो दिसतो. तारीख गेली, 'गुरुवार' तेवढा राहिला. मग महिन्यापूर्वीची सूचना या आठवड्याची म्हणून पुन्हा फिरते. वार आणि तारीख दोन्ही देणं ही शॅननच्या अर्थाने उपयोगी पुनरुक्ती. पण दोन्ही एकाच कोपऱ्यात छापली तर एकाच कापाकापीत दोन्ही जातात, म्हणून तारीख मथळ्यातही हवी आणि मजकुरातही हवी. श्रॅम लावा: सूचनेत जलकेंद्राचं नाव असतं, पण आपल्या नळाला कोणत्या केंद्राचं पाणी येतं हे घरी ठाऊक नसतं, म्हणजे वर्तुळं जुळलीच नाहीत. बर्लोच्या यादीत संदेशाखाली येणारी 'मांडणी' बघा: 'देखभाल दुरुस्तीचे काम करण्यात येणार असल्याने' हे आधी आणि वेळ शेवटी.

याच सूचनेला द्विस्तरीय प्रवाहही लागतो, म्हणजे माहिती माध्यमांकडून आधी काही जाणत्या माणसांकडे आणि त्यांच्याकडून इतरांकडे जाते ही कल्पना. लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४०च्या अमेरिकी निवडणुकीत ओहायोतल्या ईरी काउंटीत अभ्यास केला आणि तो १९४४मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांवर माध्यमांपेक्षा ओळखीच्या माणसांचा प्रभाव जास्त पडतो, असं त्यांना दिसलं. इथे सोसायटीचे सेक्रेटरी मूळ सूचना बाजूला ठेवून 'आज रात्रीच टाक्या भरून ठेवा' असं लिहितात आणि लोक तेच पाळतात.

दहा-पंधरा मार्कांच्या उत्तरात पार्श्वभूमीला तीन-चार ओळी पुरतात. मग नावं दिलेली आकृती, मग असं एक उदाहरण, आणि मर्यादा त्याच उदाहरणातून काढलेल्या. 'हे प्रारूप फार सोपं आहे' असं मोघम लिहिण्यापेक्षा या उदाहरणातलं काय त्या प्रारूपाला पकडता आलं नाही, ते लिहा.

खर्ज

सादरीकरणाबद्दल लिहितो.

सावकाश, स्पष्ट मराठी बोलताना मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. पाच मिनिटांसाठी संहिता ५०० शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. ७०० शब्द लिहिले की शेवटचं मिनिट धावपळीत जातं, आणि निष्कर्ष नेमका तिथेच असतो. स्वतःचा वेग मोजून घ्या: मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि शब्द मोजा. वर्गासमोर उभं राहिल्यावर वेग वाढतोच, तेवढी जागा सोडा.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात ऐकणाऱ्याला सगळा मजकूर शेवटपर्यंत धरून ठेवावा लागतो. वाचताना मागे जाता येतं, ऐकताना येत नाही. 'शहरातील वाढत्या वाहनसंख्येमुळे निर्माण झालेल्या कोंडीवर उपाय म्हणून राबवण्यात आलेल्या योजनेचा आढावा घेण्यात आला' हे कागदावर चालेल. तोंडाने सांगायचं तर: 'शहरात वाहनं वाढली. कोंडी झाली. त्यावर एक योजना आणली. तिचं पुढे काय झालं, ते पाहू.' एका वाक्यात दहा-बारा शब्द आणि एकच क्रियापद. 'करण्यात आले' दिसलं की कुणी केलं ते शोधा आणि 'केलं' लिहा.

संहिता मोठ्या टायपात छापा, ओळ श्वास घ्यायचा तिथे तोडा, आकडे अक्षरांत लिहा आणि थांबायच्या जागी उभी रेघ मारा. आकडा सांगितल्यावर थोडं थांबायलाच हवं, नाहीतर तो निसटतो. पाच मिनिटांत दोनच आकडे ठेवा. माइक असेल तर तो तोंडापासून चार बोटं लांब आणि किंचित बाजूला धरा. अगदी समोर धरला की प, फ, भ फुटतात.

रेकॉर्डिंग ऐकताना आधी फक्त 'म्हणजे', 'आणि मग', 'तर' मोजा. मग वाक्याचे शेवट ऐका. मराठी बोलताना अनेकांचा आवाज शेवटच्या शब्दाशी पडतो, आणि क्रियापद तिथेच असल्याने 'झालं' की 'झालं नाही' हेच कळत नाही. बाकी सगळं सोडून एवढं सुधारलं तरी मागच्या बाकावर ऐकू जातं.

एक विनंती. 'संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८, देहबोलीचा ५५' हे सादरीकरणात घालू नका. मानसशास्त्रज्ञ मेहराबियनच्या १९६७च्या दोन अभ्यासांतून जोडलेलं ते सूत्र आहे. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवले होते, एकात चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते, आणि बोलणाऱ्याची भावना काय असावी एवढंच विचारलं होतं. त्यातून सगळ्या संवादाचा हिशोब निघत नाही. शब्द ७ टक्केच असते तर अनोळखी भाषेतलं व्याख्यानही बहुतेक समजलं असतं.

ऐकायची सवय लावायची असेल तर वसंत व्याख्यानमालेला वही घेऊन बसा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये सुरू केलेली ही परंपरा शहरात अजून चालू आहे. वक्ता पहिल्या दोन मिनिटांत काय करतो, उदाहरण कुठे देतो, कुठे थांबतो, ते वेळेसह टिपा. विषयाच्या नोंदी घेऊ नका, घेतल्या की तंत्र दिसायचं राहतं.

कोडिंगवही

प्रकल्पासाठी दोन मराठी दैनिकांच्या पुणे आवृत्तीचं पहिलं पान आणि आशय-विश्लेषण, म्हणजे मजकूर ठरलेल्या वर्गांत विभागून मोजणं, हे दोन महिन्यांत बसतं. पण नियम आधी ठरवावे लागतात.

नमुना सलग दोन आठवड्यांचा घेऊ नका. मध्येच एखादी मोठी घटना झाली तर सगळा नमुना तिचाच होतो. रचित आठवडा घ्या: दोन महिन्यांत आठ-नऊ सोमवार येतात, त्यांतला एक चिठ्ठी टाकून निवडा, मग एक मंगळवार, असं रविवारपर्यंत. असे दोन आठवडे केले की १४ दिवस, दोन दैनिकं, २८ पानं. पानावर दहाच्या आसपास बातम्या धरल्या तर २८० बातम्या होतात. एका विद्यार्थ्याला तेवढ्या पुरे. दिवाळीत काही दिवस अंक निघत नाहीत. तशी तारीख आली तर त्याच वाराची पुन्हा चिठ्ठी काढा.

शहर आवृत्ती आणि डाक आवृत्ती (शहराबाहेर जाणारी) यांची पहिली पानं वेगळी असतात. ई-पेपरवर दोन्ही दिसतात, मध्येच आवृत्ती बदलली की तुलना गेली. सणासुदीला पानभर जाहिरातीचं वेष्टन येतं, तेव्हा 'पहिलं पान' कोणतं? बातम्यांचं पहिलं पान तेच पहिलं, असा नियम सुरुवातीलाच लिहून ठेवा. बातमीची जागा कॉलम सेंटीमीटरमध्ये, म्हणजे उंची गुणिले कॉलम, आणि मथळा-फोटो त्यात धरायचा की नाही तेही ठरवा. ई-पेपर पडद्यावर लहानमोठा होतो, म्हणून पूर्ण पानाच्या उंचीशी प्रमाण काढा.

सगळ्यात जास्त वेळ वर्गवारीला द्या. 'वाहतूक' आणि 'महापालिका' असे दोन वर्ग केले आणि 'मेट्रोच्या कामामुळे कोंडी, नगरसेवकांचं आंदोलन' अशी बातमी आली, तर ती कुठे? मथळा आणि पहिला परिच्छेद मिळून मुख्य विषय ठरवायचा, असा एक नियम पुरतो, पण तो प्रत्येक वेळी पाळायला हवा. 'इतर' या वर्गात १० टक्क्यांहून जास्त बातम्या जायला लागल्या तर वर्गवारी मोडा आणि नव्याने करा.

विश्वासार्हतेसाठी मैत्रिणीला स्वतंत्रपणे ५० बातम्या कोड करायला, म्हणजे नियमांप्रमाणे वर्गांत टाकायला द्या. नुसती 'जुळणी ८० टक्के' लिहून भागत नाही, कारण काही जुळणी योगायोगाने होते. 'कोहेनचा कप्पा' (kappa) हा आकडा काढा: प्रत्यक्ष जुळणीतून योगायोगाची जुळणी वजा करा आणि एकातून योगायोगाची जुळणी वजा करून येणाऱ्या संख्येने भागा. प्रत्यक्ष ०.८० आणि योगायोगाची ०.५० असेल तर कप्पा ०.६० येतो. तेवढ्यावर ठाम निष्कर्ष काढू नका. नियम सुधारा आणि वेगळ्या ५० बातम्या घ्या.

आणि मार्क जातात ते शेवटच्या पानावर. पानं मोजून 'वर्तमानपत्रांमुळे लोकांना वाहतूक महत्त्वाची वाटते' असं लिहिता येत नाही. मॅककोंब्स आणि शॉ यांनी १९६८मध्ये अमेरिकेतल्या चॅपेल हिलला माध्यमांतल्या मजकुराबरोबर मत न ठरलेल्या १०० मतदारांनाही कोणते विषय महत्त्वाचे वाटतात ते विचारलं होतं, आणि दोन्हींतले विषयांचे क्रम ताडून पाहिले. तो लेख १९७२चा. तुमच्याकडे फक्त मजकूर असेल तर शीर्षकच 'पहिल्या पानावरील विषयक्रम' असं ठेवा.

आकाशवाणी_श्रोता

वरच्या चर्चेत पुण्याचंच एक उदाहरण यायला हवं. १९५६मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांत सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांचे श्रवणगट केले. आठवड्याला दोन, असे अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. गटाने एकत्र ऐकायचं, मग चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. तुलनेसाठी रेडिओ आहे पण गट नाही अशी गावंही घेतली होती, आणि माहितीतली वाढ श्रवणगटांच्या गावांत बरीच जास्त दिसली. प्रतिसादाची सोय प्रारूपात असली की प्रत्यक्षात काय बदलतं, याला इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. युनेस्कोचा अहवाल १९५९चा आहे. ग्रंथालयात विचारताना 'रेडिओ फार्म फोरम' या नावाने विचारा.

सायली_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. पाण्याच्या सूचनेवर आजच बसते. दोन शंका उरल्या. साधारणीकरण ही भारतीय रससिद्धांतातली कल्पना या प्रारूपांच्या रांगेत कुठे लिहायची? आणि दुसरी कोडर मिळालीच नाही तर?

गणेशखिंड

साधारणीकरण शॅननशेजारी ठेवू नका, श्रॅमशेजारी ठेवा. संस्कृत काव्यशास्त्रज्ञ भट्टनायकाने ही कल्पना रसचर्चेत मांडली आणि नंतर भारतीय अभ्यासकांनी ती संज्ञापनाला लावली. त्यातला सहृदय (रसिक) म्हणजे केवळ ग्राहक, असं समीकरण मांडू नका. सहृदय तयारीचा असतो, संस्काराने घडलेला असतो. श्रॅमच्या वर्तुळांशी साम्य इथपर्यंत लिहा. फरक असा की श्रॅमकडे सामायिक अनुभव संवादाच्या आधी असावा लागतो आणि साधारणीकरणात अनुभव सामायिक होणं हेच संवादाचं फळ आहे. कीर्तनाचं उदाहरण चांगलं बसतं. पूर्वरंग आणि उत्तररंग दोन्ही घ्या: पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात तोच विचार आख्यानातून.

कोडिंगवही

दुसरी कोडर नसेल तर त्याच ५० बातम्या दहा-बारा दिवसांनी स्वतःच पुन्हा कोड करा. आधीचा तक्ता समोर ठेवू नका, बातम्यांचा क्रमही बदला. अहवालात मात्र 'एकाच कोडरची सुसंगती' असंच लिहा, 'दोन कोडरमधली विश्वासार्हता' लिहू नका. मर्यादांच्या भागात त्याचं एक वाक्य टाका. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येतोच, आणि ज्या पाच-सहा बातम्या दोन वेळा वेगळ्या वर्गात गेल्या त्यांची यादी सोबत असली की उत्तर देता येतं.