मदत हवी आहे: मावशीने पुन्हा खडू मागितलेत, देऊ का?

आईचं माहेर कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं. गाव उठलं तेव्हा आई दहा वर्षांची, मावशी पाच. आज आई ७४ची आहे. त्या घराबद्दल दोघी एकमेकींशी बोलतच नाहीत. विषय निघाला की मावशी उठून आत जाते.

आधी मी जेनोग्रॅम, म्हणजे घरातल्या माणसांचा आणि नात्यांचा तक्ता, करून पाहिला: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, ताणलेल्या नात्याला नागमोडी रेघ. दोघींना तो सरकारी कागदासारखा वाटला. मग कोरे कार्डशीट आणि तेलखडू दिले, ‘जुनं घर काढा’ एवढंच म्हटलं. आईने ओटी, माजघर, गोठा, परड्यातला फणससुद्धा काढला. मावशीने फक्त उंबरा काढला आणि त्यावर काळा खडू इतका घासला की कागद फाटला. रडली नाही, पण दोन दिवस गप्प होती. मी तो प्रकार तिथेच थांबवला.

माझं यातलं शिक्षण नाही, त्यामुळे चित्रांचा अर्थ मी लावत नाही, तज्ज्ञ शोधते आहे. आम्ही साताऱ्यात राहतो. मावशीला लांबचा प्रवास झेपत नाही. ऑनलाइन चालेल, पण बोलणं मराठीतच हवं. समुपदेशनाला आई तयार आहे, मावशी म्हणते, ‘मला काय वेड लागलंय?’

आता मावशीच स्वतःहून खडू मागते आहे. तज्ज्ञ मिळेपर्यंत तिला एकटीला काढू द्यावं, की आईसोबत एकाच कागदावर? आणि कला-उपचार करणाऱ्यांना त्यांच्या प्रशिक्षणाबद्दल नेमकं काय विचारून घ्यावं?