हरभऱ्याचं उरलेलं रायझोबियम सोयाबीनला चालतंय का?

औसेकर_कोरडवाहू:
राम राम मंडळी. मागच्या रब्बीत हरभऱ्याच्या बियाण्याला चोळायला आणलेली रायझोबियमची (मुळावर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणारे जिवाणू) दोन पाकिटं उरलीत, पत्र्याच्या शेडात ठेवलेली. आता सोयाबीनला लावावं म्हणलं तर नव्या पाकिटावर ब्रॅडीरायझोबियम लिहिलंय. दुकानदार म्हणायलाय सगळं एकच, नुसता नावात फरक. पोरगी बीएस्सी ॲग्रीला आहे, ती म्हणायलीय बाबा प्रजातीच वेगळी आहे. आता जिवाणूला पण भावकी असती का? कुणी नीट सांगा, पेरणी तोंडावर आलीय.

लॅबवाला_परभणी:
पोरगी बरोबर आहे भाऊ. आधी गाठीतल्या सगळ्याच जिवाणूंना रायझोबियम म्हणायचे, हे नाव १८८९ चं, फ्रँक नावाच्या जर्मन माणसानं दिलेलं. पण लॅबमध्ये वाढवायला गेलं की फरक दिसतो, काही तीन-चार दिवसांत प्लेटवर चांगल्या चिकट वसाहती करतात अन् माध्यम (ज्यावर वाढवतो ते खाद्य) आंबट करतात, सोयाबीनवाले मात्र आठवडाभर रेंगाळतात, वसाहत मोहरीएवढी पण होत नाही आणि माध्यम उलट अल्कधर्मी होतं. म्हणून १९८२ मध्ये जॉर्डननं त्यांना वेगळं काढलं. ब्रॅडी म्हणजे ग्रीकमध्ये हळू. गंमत म्हणजे तुमचा हरभऱ्यावाला पण आता रायझोबियम राहिला नाही, १९९७ पासून मेसोरायझोबियममध्ये गेलाय, मेसो म्हणजे मधला. पाकिटावर जुनंच नाव चालत राहतं, म्हणून दुकानदाराचा गोंधळ.
दिसायला सगळे सारखेच बरं का, काडीसारखे, ग्रॅम निगेटिव्ह (लॅबच्या रंग-चाचणीतला एक गट), शेपटीनं पोहणारे, हवा लागणारे. पण सोयरीक ठरलेली असते. मूळ आपला रस सोडतं, तो ओळखीच्या जिवाणूलाच कळतो, तो मग उलट खूण पाठवतो अन् तेव्हा गाठ धरते. हरभऱ्याचा सोयाबीनच्या मुळाशी नुसता बसून राहील.

काळी_माती_सेलू:
आम्ही दहा वर्षांत काहीच लावलं नाही, तरी गाठी येतात की. कामून पैसे घालायचे?

लॅबवाला_परभणी:
@काळी_माती_सेलू दरसाल सोयाबीन असलेल्या रानात जुने जिवाणू टिकून राहतात, त्यामुळं येत असतील. पण नुसत्या गाठी मोजू नका, पेरल्यावर चाळीसेक दिवसांनी झाड मुळासकट खोदून काढा (उपटू नका, गाठी मातीतच राहतात) आणि गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल असली तर नत्र बांधायचं काम चालू आहे, पांढरी-हिरवी असली तर फुकट खाणारं पाहुणं. तो लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्याच पदार्थाचा, तो ऑक्सिजन धरून ठेवतो, नाहीतर नत्र बांधणारं एन्झाइम खराब होतं.

शेतीमित्र_७२:
औसेकर, दुसरी गोष्ट म्हणजे ती शेडातली पाकिटं आता हरभऱ्याला पण ठेवू नका. बॅसिलस नावाच्या दुसऱ्या जिवाणूची औषधं टिकतात कारण तो बीजाणू करून कवचात झोपतो, रायझोबियमला ते जमत नाही. एप्रिल-मेचा पत्रा म्हणजे तवाच की. आणि बुरशीनाशक आधी, कीटकनाशक मग, जिवाणू सगळ्यात शेवटी, गुळाच्या थंड पाण्यात कालवून, अन् बियाणं सावलीत वाळवायचं. मी एकदा घाईत उलटं केलं होतं, गाठी शोधायला भिंग लागलं असतं.

औसेकर_कोरडवाहू:
लई उपकार. नवं आणतो, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट म्हणलाय. पोरीला सांगितलं तर म्हणती, मी आधीच बोलले होते ना बाबा. आता तुरीला कोणतं लागतं तेबी सांगा.