हैतीचं टीपीएस: 'तात्पुरतं' म्हणजे नक्की किती वर्षं?

उंबरठा (धागाकर्ता)
१२ जानेवारी २०१० ला कॅरिबियनमधल्या हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि तीन दिवसांत अमेरिकेने टीपीएस, म्हणजे मायदेशी न पाठवता अमेरिकेत राहून काम करू देणारं तात्पुरतं संरक्षण, जाहीर केलं. भूकंपाच्या दिवशी जो आधीच अमेरिकेत होता, त्यालाच ते मिळणार होतं. मग २०११ मध्ये ही तारीख पुढे सरकली, २०२१ मध्ये नव्याने घोषणा झाली, आणि होता होता ३ जून २०२४ पर्यंत पोचलेले सगळे आत आले. आता हा आकडा साडेतीन लाखांच्या घरात आहे. एका वेळी जास्तीत जास्त १८ महिन्यांची सोय पंधरा वर्षं कशी चालते? ती बंद करा. ज्यांना ठेवायचंय त्यांच्यासाठी अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, सरळ कायदा करावा.

फाइलबंद
मुद्दा भूकंपाचा नाहीच. नैसर्गिक आपत्तीच्या कलमाखाली त्या देशाच्या सरकारने स्वतः मागणी करावी लागते. हैतीला 'असाधारण आणि तात्पुरती परिस्थिती' या वेगळ्या कलमाखाली संरक्षण मिळालं. त्यामुळे दर मुदतवाढीला प्रश्न एवढाच असतो: आज परत जाणं सुरक्षित आहे का? जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोईज यांची हत्या झाली, पुढच्याच महिन्यात ७.२ चा भूकंप. २०२५ मध्ये देशातच विस्थापित झालेल्यांची संख्या १३ लाखांवर गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विमानांना गोळ्या लागल्यावर अमेरिकेने आपल्या विमानांना हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सला जायला बंदी घातली. स्वतःची विमानं उतरवायची नाहीत, माणसं मात्र पाठवायची?

उंबरठा
हैतीच्या उत्तरेला कॅप-हाइशियनला विमानं उतरतात की. आणि तुमच्याच कलमाचं शेपूट वाचा: 'राष्ट्रीय हिताविरुद्ध नसेल तर'. नोव्हेंबर २०२५ ची समाप्तीची नोटीस त्यावरच उभी होती. मुदतीच्या ६० दिवस आधी निर्णय द्यायचा हा नियमही पाळला गेला.

फाइलबंद
कॅप-हाइशियनहून राजधानीकडे येणाऱ्या रस्त्यावर टोळ्यांचे नाके आहेत, ते सांगायचं राहिलं. आणि त्या नोटिशीला २ फेब्रुवारी २०२६ ला, मुदत संपायच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनच्या न्यायालयाने स्थगिती दिली. त्याआधी जुलै २०२५ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायाधीशांनी बजावलं होतंच, की दिलेली मुदत मधेच तोडता येत नाही.

शिक्कामोर्तब
तुमचं चालू द्या. प्रत्यक्षात घोळ होतो तो कागदांत. आय-८२१ हा टीपीएसचा अर्ज, आय-७६५ काम-परवान्याचा. जुलै २०२५ च्या कायद्याने पहिल्या अर्जाची फी तेव्हा ५०० डॉलर झाली होती, पहिल्या परवान्याची आणखी ५५०. एक गंभीर गुन्हा किंवा दोन किरकोळ गुन्हे सिद्ध झाले की माणूस बाद. मुदतवाढ झाली तरी फेरनोंदणी आपोआप होत नाही. तिची खिडकी साधारण ६० दिवसांची, ती चुकली तर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं.

सगळ्यात जास्त नोकऱ्या कशाने जातात? कार्डावरच्या छापील तारखेने. मुदत फेडरल रजिस्टरमधल्या (सरकारी राजपत्रातल्या) सूचनेने वाढते, कार्ड जुनंच राहतं, आणि एचआरवाला तारीख बघून घरी बसवतो. ए-१२ किंवा सी-१९ (टीपीएसवाल्यांच्या काम-परवान्याचे प्रकार) असं कार्ड असेल तर त्याला ती सूचना छापून जोडायची. दुसरं म्हणजे आश्रयाचा अर्ज. तो आल्यापासून वर्षभरात करायचा असतो. टीपीएस चालू असेपर्यंत उशीर माफ होऊ शकतो, पण ते संपल्यावर रेंगाळलात तर ही सबब चालत नाही. शिवाय भूकंप किंवा टोळ्यांची सरसकट दहशत एवढ्यावर आश्रय मिळत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यांच्याशी छळाचा संबंध दाखवावा लागतो.

चौथा_मजला
उंबरठा, 'सरळ कायदा करावा' म्हणणं सोपं आहे. टीपीएसवाल्यांना कायम रहिवास देणारं विधेयक सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने, नुसतं विचारात घ्यायचं तरी तीन-पंचमांश मतं लागतील, असं १९९० च्या कायद्यातच लिहून ठेवलंय. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एकमताने सांगितलं की बेकायदा शिरलेल्याला टीपीएसच्या जोरावर ग्रीन कार्ड नाही.

उंबरठा
म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे कायमचं नकोच होतं, माझंही तेच म्हणणं. इकडे आपली मुलं ग्रीन कार्डाच्या रांगेत म्हातारी होताहेत.

शिक्कामोर्तब
ती रांग वार्षिक कोट्याची आणि देशनिहाय मर्यादेची. टीपीएसला व्हिसा-क्रमांक लागतच नाही. हैतीचे सगळे उद्या परत गेले तरी भारतीयांची ईबी-२ ची (उच्चशिक्षितांच्या, नोकरीवर आधारित ग्रीन कार्डाच्या वर्गाची) तारीख एका दिवसानेही पुढे सरकणार नाही.