मदत हवी आहे: परकीय व्यापार आणि विकासदराचे हेलकावे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेझर्टेशनचा विषय: परकीय व्यापार वाढला की देशाचा विकासदर जास्त हेलकावे खातो का? घेताना सोपा वाटला होता.

अडलंय ते असं. जागतिक बँकेच्या आकडेवारीत भारताची आयात-निर्यात मिळून 1990 मध्ये जीडीपीच्या जेमतेम 15-16 टक्के होती, 2012 मध्ये ती 55 टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे धक्के वाढायला हवेत. पण आकडे उलटंच बोलतात! दारं बंद होती तेव्हाच दुष्काळ आपल्याला लोळवायचा. 1979-80 मध्ये तर जीडीपी 5 टक्क्यांहून जास्त आकसला. (बहात्तरचं आमच्या आजीला विचारा, सुकडीची चव अजून सांगते.) 1991 नंतर वार्षिक दर शून्याखाली गेला तो फक्त 2020-21 मध्ये, तोही कोविडमुळे.

पण याच काळात जीडीपीतला शेतीचा वाटाही घटला, हेलकावे त्यामुळेही कमी झाले असतील. मग हा परिणाम व्यापाराच्या परिणामापासून वेगळा काढू कसा? पावसाची तूट कंट्रोल म्हणून (म्हणजे तिचा परिणाम बाजूला काढण्यासाठी) घातली तर चालेल का? शिवाय 2004-05 आणि 2011-12 या पायाभूत वर्षांच्या (म्हणजे त्या-त्या वर्षाच्या किमती धरून मोजलेल्या) जीडीपीच्या मालिका जोडायच्या कशा? हेलकावे मोजायला पाच वर्षांच्या रोलिंग विंडो (दरवेळी एक वर्ष पुढे सरकणारे गट) घेतल्या तर त्या एकमेकांवर चढतात, मग त्यांच्यावर केलेल्या रिग्रेशनवर (दोन गोष्टींचा संबंध आकड्यांत मोजण्याच्या पद्धतीवर) विश्वास किती ठेवायचा?

गाइड म्हणतात, "अजून डेटा घ्या." आकडेवारीच्या सॉफ्टवेअरपैकी ईव्ह्यूज (EViews) थोडंफार येतं, आर (R) अजिबात नाही. कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा. डेक्कनला भेटायलाही येईन, चहा माझ्याकडून.