मदत हवी आहे: बाबांना हृदयाचा अमायलॉइडोसिस, प्रकार कसा नक्की करावा? (पुणे)

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी (वय ७६, कोथरूड) माहिती हवी आहे. प्रश्न गुंतागुंतीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

जिना चढताना धाप लागते, पायांवर सूज येते, म्हणून इको केला. हृदयाच्या भिंती जाड निघाल्या. 'जुन्या बीपीमुळे असेल' असं सांगितलं गेलं. पण बाबांचं बीपी हल्ली कमीच राहतं, गोळीसुद्धा बंद करावी लागली. शिवाय भिंती जाड असूनही ईसीजीवरच्या रेषा बुटक्या. हे बघून दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनी विचारलं, "काका, मनगटांचं ऑपरेशन झालंय का कधी?" झालं होतं, दोन्ही हातांचं, कार्पल टनेलचं (मनगटात नस दबते ते). घरात सगळे त्याचा दोष स्कूटरला द्यायचे. डॉक्टरांनी तिथेच अमायलॉइडोसिसचं नाव काढलं.

तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. मला समजलंय ते असं: शरीरातलं एखादं प्रथिन चुकीचं दुमडतं, त्याचे चिवट तंतू बनतात आणि अवयवांत साचत जातात, मनगटातही. हृदयात साचले की स्नायू ताठर होतो. मग रिपोर्टात पंपिंग ५५ टक्के, म्हणजे नॉर्मल दिसलं तरी हृदय नीट भरतच नाही, आणि माणसाला धाप लागते.

हृदयात मुख्यतः दोन प्रकार आढळतात. एएलमध्ये बोन मॅरोतल्या बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी लाइट चेन नावाचं प्रथिन सोडतात. त्यावर केमो लागते आणि तीही तातडीने. एटीटीआरमध्ये प्रथिन यकृतात बनतं, ट्रान्सथायरेटिन. त्याचे चार भाग एकत्र असतात. ते सुटे झाले की वेडेवाकडे दुमडतात. हे वयामुळे होतं किंवा जनुकातल्या दोषामुळे. इकोवरून दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येत नाहीत, उपचार मात्र पूर्ण वेगळे आहेत.

आमचं घोडं इथेच अडलंय. पीवायपी स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून काढलेला हृदयाचा स्कॅन) पॉझिटिव्ह आला, म्हणजे एटीटीआरकडे कल. पण हा स्कॅन कधीकधी एएलमध्येही पॉझिटिव्ह येतो, म्हणून लाइट चेनची रक्ततपासणी केली. कॅपा-लॅम्डा रेशो (दोन प्रकारच्या लाइट चेनचं प्रमाण) १.९ आला; नेहमीची मर्यादा १.६५. रक्त आणि लघवीचं इम्युनोफिक्सेशन (बिघडलेल्या प्लाझ्मा पेशींचं प्रथिन शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आहे. बाबांचं क्रिएटिनिन १.६ आहे आणि किडनी मंदावलेली असली की रेशो थोडा वाढतोच, ३.१ पर्यंतही चालतो असं वाचलं. एक डॉक्टर म्हणतात, एटीटीआर धरून चालू. दुसरे म्हणतात, हृदयाची बायॉप्सी केल्याशिवाय औषध नको. बाबांना सुई टोचायची म्हटली तरी धडकी भरते, आणि एएल नजरेतून सुटला तर काय, ही भीती मला झोपू देत नाही.

अशा काठावरच्या रेशोत तुमच्या घरी काय निर्णय झाला? पुण्यात हृदयरोग आणि रक्तविकार दोन्हींचे तज्ज्ञ एकत्र बसून अशी केस बघतात का, की मुंबई गाठावी? एटीटीआरवरच्या टॅफामिडिस या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. इथे ते कसं आणि केवढ्याला मिळतं? हे औषध साचलेलं काढत नाही, पुढचं साचणं मंदावतं, त्यामुळे थांबून राहणं परवडणारं नाही. आणि ट्रान्सथायरेटिनच्या जनुकाची तपासणी कुणी केलीय का? दोष निघाला तर मला आणि दादाला तो असण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के.

प्रतिसाद, वारजेकर:
ताई, माझ्या आईला एएल होता, त्यामुळे तुमची भीती कळते. काठावरचा रेशो रक्तविकारतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो किडनीमुळे वाढलाय का, हे तेच नीट सांगू शकतील. पोटाच्या चरबीचा नमुना हा सोपा पर्याय आहे, पण एटीटीआरमध्ये तो बऱ्याचदा निगेटिव्ह येतो. म्हणून तो निगेटिव्ह आला तर निश्चिंत होऊ नका. बायॉप्सी ठरलीच तर आधीच विचारा, प्रथिनाचा प्रकार कुठे तपासणार? काँगो रेडने रंगवलेला नमुना पोलराइज्ड प्रकाशात सफरचंदी हिरवा दिसला की अमायलॉइड आहे एवढंच कळतं, प्रथिन कोणतं ते नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री सर्वांत खात्रीची. आणि डिल्टियाझेम किंवा वेरापामिल (बीपी-हृदयाच्या गोळ्या) चालू असेल तर डॉक्टरांच्या लगेच कानावर घाला. या आजारात ती त्रासदायक ठरतात.

धागाकर्ती:
मनापासून आभार. या दोन्ही गोळ्या नाहीत, आत्ताच यादी तपासली. सगळे रिपोर्ट घेऊन आधी रक्तविकारतज्ज्ञांकडेच जातो. पुण्यातले कुणी चांगले माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. जनुकीय तपासणीचा अनुभव असलेल्यांनीही जरूर लिहा, दादाची मुलगी लहान आहे.