मदत हवी आहे: क्युबिस्ट पेंटिंग ओरिजिनल आहे का ते कसं ओळखायचं?

मंडळी, नाशिकला गंगापूर रोडवर एक कुटुंब घर रिकामं करतंय, त्यांच्याकडे एक पेंटिंग विकायला आहे, सारंगीवाला आहे पण सगळा त्रिकोण-चौकोनात, चेहरा एकाच वेळी समोरून पण आणि बाजूनं पण, सारंगीचे तर तुकडे तुकडे. पिकासो आणि ब्राकनं 1910 च्या आसपास गिटार-व्हायोलिन असंच फोडून रंगवलेलं ना, त्याच धाटणीचं, म्हणजे क्युबिझम. आपल्याकडे गगनेंद्रनाथ टागोरांनी पण 1920 च्या दशकात क्युबिझम केला होता, पण हे त्यांचं वगैरे नाही हां, मालकही तसं म्हणत नाहीत, फक्त "ओरिजिनल ऑइल आहे" एवढंच. सही वाचताच येत नाही.

भिंगातून बघितलं तर छपाईचे ठिपके नाहीत, रंगाचे थर पण उंचसखल दिसतात, म्हणजे प्रिंट नसावी, पण हाताने केलेली कॉपी असू शकते की! फ्रेम उतरवायला ते कां कूं करतायत आणि भाव सांगतात दीड लाख.

गुंतवणूक वगैरे काही नाही, मला खरंच आवडलंय, हॉलमध्ये लावायचंय. नाशिकमध्ये असं तपासून देणारं कोणी आहे का, की मुंबईलाच न्यावं लागेल? कॅनव्हासच्या मागे नेमकं काय बघायचं? जुनी पावती नाहीये, तर विकणाऱ्याकडून काय लिहून घेऊ?